मशीनच्या पलीकडची अक्षरं

आमच्या वस्तीवर माझं बोलणं निम्मं वजा करून ऐकतात. मी म्हणाले गुडघाभर पाणी, की बायका चप्पल भिजेल एवढंच धरून घरातून निघतात. मी म्हणाले उसातून बिबट्या गेला, की पहिला प्रश्न येतो, कुणाची मांजर होती. माझी तक्रार नाही. देवळाली प्रवरेपासून आत, चारी बाजूंनी ऊस आणि मधे मूठभर घरं. ऊस वाढला की आभाळसुद्धा विहिरीतून दिसावं तेवढंच दिसतं. अशा जागी नुसतं खरं बोलून माणसाचा दिवस सरत नाही, थोडं फुगवावं लागतं. पण लेकीच्या वाचण्याबद्दल मी जे सांगत होते त्यात एका दाण्याची भर नव्हती, आणि नेमकं तेच कुणी मानायला तयार नव्हतं.

लेक तेव्हा दुसरीत होती. शाळा म्हणायची, तिला वाचता येत नाही. मी म्हणायचे, येतं. या दोघांच्या मधे तिचे पप्पा. ते हंगामात कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवतात. त्या दिवसांत त्यांचं घरी येणं म्हणजे पाहुण्यासारखं, चहाचा कप खाली ठेवला की उठले. अशाच एका चहाला त्यांनी निकाल देऊन टाकला.

"संक्रांतीनंतर तालुक्याचं सायेब शाळंत वाचन तपासाया येणार हायत. त्यांच्यापुढं पोरगी वाचली तर राहूदे हितंच. न्हाई वाचली तर जूनला ताईकडं, संगमनेरला. मग माझ्यापुढं रडायचं न्हाई."

ताई म्हणजे माझी नणंद. तिच्या घरापुढून पिवळी बस जाते आणि त्या बसच्या शाळेत म्हणे पोरं शिंकतात तीही इंग्रजीत. नणंदेला मूल नाही, जीव लावणारी आहे, हे सगळं मला कबूल. पण लेक माझी आहे आणि सात वर्षांची आहे.

नवरा वाईट नाही, हे इथंच सांगते. कारखान्याच्या वजनकाट्यावर पावती हातात आली की तो ती वाचेपर्यंत मागचा ट्रॅक्टर हॉर्न मारतो, आणि हा न वाचताच पुढं सरकतो. ती वाचून दाखव, असंही त्यानं कधी कुणाला म्हटलेलं नाही. एवढं एकच त्याच्या मनात होतं, पोरीच्या मागं कुणी हॉर्न मारू नये.

आता शाळेचं सांगते. खोल्या दोन, शिक्षक दोन, वर्ग चार. त्यातले गुरुजी महिन्यातले निम्मे दिवस तालुक्याला मीटिंगमध्ये, आणि उरलेले निम्मे त्या मीटिंगमध्ये सांगितलेली माहिती मोबाईलमध्ये भरण्यात. सगळी शाळा मॅडमवर. एका डोळ्यानं पहिली, दुसऱ्या डोळ्यानं दुसरी, दोन्ही कानांनी तिसरी-चौथी, आणि खिचडी करपली का हे नाकानं. अशा बाईला मी काय बोलणार. शाळेतलं वाचन मी रस्त्यावरून रोज ऐकायचे. मॅडम एक ओळ म्हणायच्या आणि पोरं तीच ओळ अशी भिरकावायची की विजेच्या तारेवरचे पारवे उठून शेजारच्या गावात जाऊन बसायचे. सगळ्यांची बोटं ओळीखालून फिरायची, पण बोट एका गावात तर तोंड दुसऱ्या. त्या गलक्यात माझ्या लेकीचा आवाज सगळ्यात वर असायचा. मॅडमनी तिला एकटीला उभं केलं, पुस्तक हातात दिलं, की मात्र तोंडाला टाका घातल्यासारखी गप्प.

आणि हीच पोरगी घरी माझ्यापुढं वाचायची.

मी ब्लाऊज शिवते. साड्यांना फॉल-पिको करते. आमच्या घराला खिडकी एकच आणि ती सासूबाईंच्या पलंगाच्या डोक्याशी, म्हणून माझं मशीन बाहेर ओट्यावर, उजेडात. फॉल लावताना साडी लांबच लांब, पलीकडून कुणीतरी अलगद ओढून घ्यावी लागते, नाहीतर सुईखाली गोळा होते. ते काम लेकीचं. मी स्टुलावर, मधे मशीन, पलीकडं ती उभी. ती पहिलीत गेली तेव्हा मी फॉल मारता मारताच शिकवायला सुरुवात केली. काळ्या अस्तराचा तुकडा मशीनवर अंथरायचा, कपड्यावर खुणा करायच्या खडूनं एक अक्षर काढायचं, की पुढच्या साडीपर्यंत तिनं ते घोकायचं. ग गळ्याचा. ब बाहीचा. ह हुकाचा. माझ्या लेकीला कमळाचा क माहीत नव्हता, कमरेचा माहीत होता.

अक्षरं झाली तशा चिठ्ठ्या आल्या. मापाच्या ब्लाऊजला टाचणीनं लावलेली चिठ्ठी मी काढून मशीनवर समोर ठेवते, म्हणजे विसरायला नको. पोरगी पलीकडून ती वाचायला लागली. तिचं पहिलं पूर्ण वाक्य काय असावं, तर "मागचा गळा खोल नको". दुसरं, "बाही कोपरापर्यंत". मग तिला असा जोर आला की ओट्यावर चार बायका बसलेल्या असताना तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "मागच्या वेळी घट्ट झाला होता, या वेळी पुष्कळ सैल ठेवणे." जिची चिठ्ठी ती बाई तिथंच बसलेली. ती उठली ती थेट राहुरीच्या टेलरकडं गेली, अजून परत आलेली नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं तरी चालंल, पोरीचं तोंड बंद कर." मी मात्र त्या दिवशी एवढी खूश होते की एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसले.

शाळेचं पुस्तकही आम्ही तसंच वाचायचो. मी पुस्तक मशीनवर माझ्यापुढं उघडायचे, कारण पोरगी बरोबर वाचते का हे मला दिसायला हवं ना. ती पलीकडून सुईच्या वरून वाकून वाचायची. थोडं अडखळायची, पण वाचायची. माझी मान खाली साडीत, कान तिच्याकडं.

दिवाळीनंतर मॅडमनी निरोप धाडला. मी गेले. जाताना रस्त्यात भेटलेल्या दोघींना सांगितलं की लेकीच्या वाचनाचं कौतुक करायला बोलावलंय. मॅडमनी मला बाकावर बसवलं.

"ताई, घरी अभ्यास घेता का?"

"घेते म्हणजे? अहो, ती पेपर वाचते."

ही तेवढी माझी भर. पेपर आमच्याकडं येतो तो भज्यांचा.

मॅडमनी लेकीला बोलावलं, माझ्या शेजारी उभं केलं आणि तिच्या हातात पुस्तक दिलं. पान तेच, जे तिनं आदल्या संध्याकाळी माझ्यापुढं वाचलेलं. पोरीनं पानाकडं असं पाहिलं जणू कुणी तिच्यापुढं परक्याचं जेवणाचं ताट ठेवलंय. मी कोपरानं ढोसलं. मी डोळे मोठे केले. मी पहिला शब्द ओठांत म्हणून दाखवला. ती माझ्या ओठांकडं बघून तो म्हणाली, आणि पुढं काही नाही.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "सगळ्या आयांना असंच वाटतं."

हे वाक्य मला असं लागलं की घरी येईपर्यंत मी एकीशीही बोलले नाही, आणि मी बोलले नाही हीच दुपारपर्यंत वस्तीवरची बातमी झाली.

घरी विचारलं, "काल तर वाचत होतीस. आज काय झालं?"

"शाळंतली अक्षरं येगळी असत्यात," ती म्हणाली.

"येगळी कशानं? पुस्तक एकच हाय."

"तिथं येगळी असत्यात." आणि साडीचं टोक धरून उभी राहिली.

मला वाटलं, भीती. सासूबाईंना वाटलं, नजर. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या त्या इतक्या की ठसक्यानं आम्हा सगळ्यांचीच नजर उतरली. मग कुणीतरी वेखंड सांगितलं, मधात उगाळून. तिनं चाटलं, आणि दिवसभर सगळ्यांना जीभ दाखवत फिरली. रविवारी नणंदेचा व्हिडिओ कॉल यायचा. ती मोबाईलसमोर पाटी धरायची, त्यावर चार अक्षरं. "वाच गं बाळा, हे काय हाय?" बाळ मोबाईलच्या कोपऱ्यात आपलाच चेहरा बघत बसायचं. "वहिनी, तुमी टेन्शन घेऊ नका," नणंद म्हणायची. "तुमी शिलाई बघा. शिकवणं ज्याचं त्याला जमतं."

शेवटी डोळे तपासायला श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर एकच खूण, दातेरी फणीसारखी, कुठं उजवीकडं तोंड, कुठं खाली, कुठं वर. तोंड कुठं आहे ते हातानं दाखवायचं. माझ्या लेकीनं सगळ्यात खालची ओळ, जी मला मुंग्यांची रांग वाटत होती, ती अशी दाखवली की डॉक्टर स्वतः उठून तक्त्याजवळ खात्री करायला गेले. म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. हिचे डोळे घारीचे आहेत." मी बसमध्ये शेजारणीला सांगितलं की डॉक्टरांनी असे डोळे जन्मात पाहिले नव्हते. पण सांगताना माझं मन त्यात नव्हतं. डोळे चांगले, जीभ चांगली, पोरगी हुशार, आणि शाळेत अक्षर नाही. आता कुठं न्यायचं हे मला सुचत नव्हतं.

संक्रांत जवळ आली तशी ओट्यावर काळ्या साड्यांची रास पडली. आमच्याकडं संक्रांतीला काळी साडी नेसायची हौस इतकी वाढलीय की त्या आठवड्यात माझं घर दुरून कोळशाच्या वखारीसारखं दिसतं. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मॅडम आल्या. त्यांनाही काळा ब्लाऊज हवा होता. मी त्यांना माझ्या शेजारी स्टूल दिलं. त्यांनी मापाचा ब्लाऊज दिला, मशीनवर वाकून चिठ्ठी लिहिली आणि तिथंच ठेवली. पलीकडं लेक साडी ओढत उभी. मी दोरा ओवत होते.

लेक वाचायला लागली. तिला सवयच ती. "पुढचा गळा पानाचा. बाहीला सोनेरी काठ लावणे. अस्तर सुती."

मॅडमनी मान वर केली. चिठ्ठीची शाई अजून ओली होती. पाठ असायचा प्रश्नच नव्हता.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी चिठ्ठी उचलली आणि पोरीला नीट दिसावी म्हणून तिच्याकडं तोंड करून ठेवली. आणि पोरगी गप्प झाली. चिठ्ठीकडं बघत राहिली. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मॅडमकडं. मग मॅडमनी हळूहळू चिठ्ठी फिरवून पुन्हा आपल्याकडं केली.

"पुढचा गळा पानाचा," लेक म्हणाली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मला फुगवूनही सांगता येणार नाही. माझ्या लेकीला सगळं वाचता येत होतं, फक्त उलटं. आपल्याला अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी वरच्या रेघेला लटकलेली दिसतात. तिला ती रेघ खाली दिसायची, आणि अक्षरं त्या रेघेवर ओट्यावर बसलेल्या बायकांसारखी बसलेली. ओळ उजवीकडून सुरू व्हायची आणि पान खालून वर चढायचं. मशीनच्या पलीकडून तेच दिसणार. मी मशीनच्या अलीकडं बसून शिकवलं होतं.

"पण शाळेत ती फळ्यावरचं उतरवून घेते की," मॅडम म्हणाल्या. "अक्षर सुंदर आहे तिचं."

"ते चित्र काढते मी," लेक म्हणाली. जणू आम्हालाच हे कळायला उशीर झाला.

मॅडम हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्या बोटांवर दिवस मोजायला लागल्या. तपासणी जवळ आली होती. तिथं कागद साहेब देतात, आणि सरळ देतात.

दुसऱ्या दिवशी चहाला आलेल्या नवऱ्यापुढं मी लेकीला उभं केलं. तिनं पुस्तक उलटं धरून एक पान वाचलं. मला वाटलं होतं, आता हा म्हणेल, चुकलो. त्यानं कप खाली ठेवला, पुस्तक हातात घेतलं, तेही उलटं फिरवून पाहिलं.

"म्हंजे उलटं शिकलीय."

"पण शिकलीय ना."

"तूच शिकवलंस ना हे? मग हितं सुलटं कोण करणार?" आवाज चढलेला नव्हता. "ट्रॅक्टर एकदा उलटा लावून अडकला की ज्यानं लावला त्याच्याकडूनच निघत न्हाई गं. दुसरा बोलवावा लागतो."

खोटं ठरणं मला सवयीचं आहे, त्यावर मी शंभर उत्तरं देते. पण इथं मी खरी ठरले होते, आणि ते खरंच माझ्या विरुद्ध जाऊन बसलं.

मग मी तिला फिरवायला घेतलं. एकदम माझ्या शेजारी बसवलं तर ती कोरी व्हायची, म्हणून थोडं थोडं. मॅडमनीच सुचवलं. पुस्तक जागच्या जागी, आणि पोरगी रोज वीतभर सरकायची. पलीकडून मशीनच्या कोपऱ्याला, कोपऱ्यावरून चाकाच्या बाजूला. सूर्याचं उत्तरायण तोंडावर आलं होतं, माझ्या लेकीनं तिचं आधीच सुरू केलं. चाकाशी आली तेव्हा अक्षरं तिला आडवी पडलेली दिसायला लागली, तशी तीही मान आडवी करून वाचायची. साड्या ओढायला कुणी नाही म्हणून फॉल गोळा व्हायचे, गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं, मी उसवून पुन्हा घालायचे. पण पोरगी सरकत होती.

इथं मी गप्प राहायला हवं होतं. पण काळ्या साड्या न्यायला बायका येत होत्या, आणि पोरीला मान आडवी करून वाचताना बघत होत्या, आणि विचारत होत्या. मी सांगितलं की ती उलटंही वाचते. दुसरीला सांगताना त्यात आडवंही आलं. तिसरीला, अंधारात. ऊस तोडणाऱ्यांच्या कोपींपर्यंत, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपर्यंत, गोष्ट पोचली तोवर माझी पोरगी डोळ्यांना पट्टी बांधून, पुस्तक डोक्यावर ठेवून वाचत होती. कुणी नारळ घेऊन बघायला आलं. लेक सासूबाईंच्या पलंगाखाली जाऊन बसली आणि दोन दिवस चाकाजवळसुद्धा आली नाही.

साहेब आले तो दिवस. मी शाळेच्या दारात. माझ्यामागं वस्तीवरच्या बायका, गड्यांपैकीही काही, कारण चमत्कार बघायचा होता. साहेब वयस्कर, चष्मेवाले, मऊ बोलणारे. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांनी एकेका पोराला बोलावलं, गोष्टीचा कागद दिला, ऐकलं, लिहिलं. माझ्या लेकीची पाळी आली.

त्यांनी कागद दिला. तिनं तो घेतला आणि फिरवला.

"बाळ, कागद सरळ धर," साहेब म्हणाले, आणि सरळ करून दिला.

तिनं कागदाकडं पाहिलं. मान एका बाजूला झुकवली, जेवढी रोज चाकाशी झुकवायची तेवढी. कागद थोडासा आडवा केला. साहेबांनी पुन्हा सरळ केला. दारातून कुणीतरी म्हणालं, "पट्टी बांधा की डोळ्याला." बाकीचे हसले.

मॅडम पुढं झाल्या. "सर, ती उलट्या बाजूनं वाचायला शिकली आहे. घरी समोर बसून शिकवल्यामुळं. तिला एकदा तसं वाचू द्या."

"उलट्या बाजूनं?" साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, येताना रस्त्यात मला एकानं थांबवून सांगितलं, या शाळेतली एक मुलगी पुस्तक डोक्यावर ठेवून वाचते. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, अख्ख्या दारानं पाहिलं.

"मी स्वतः बघितलंय, सर," मॅडम म्हणाल्या.

"बरं." ते खरंच बरे होते. त्यांनी कागद उलटा केला आणि लेकीपुढं धरला. "वाच बाळ. घाबरू नको."

एवढ्या वेळात माझी लेक आतून केव्हाच निघून गेली होती. तिनं कागदाकडं पाहिलंच नाही. दाराकडं पाहिलं, तिथं हसणाऱ्या तोंडांत मला शोधलं, आणि मी तोंडभर हसून मान हलवली, वाच, वाच. मग तिनं फ्रॉकचा घेर तोंडावर ओढला. साहेबांनी कागद खाली ठेवला आणि मॅडमना म्हणाले, "मुलांना अक्षरं शिकवा. चमत्कार नकोत." आणि काहीतरी लिहिलं.

घरी येताना तिला मी कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. बायकांनी वाट दिली. एकीनंही टोमणा मारला नाही, आणि तेच जास्त लागलं.

नवऱ्यानं रात्रीचं जेवण झाल्यावर फक्त "ताईला कळवतो" म्हटलं. मी रडले नाही. ठरलं होतं तसं.

त्यानंतरही ती सरकत राहिली, हे मी कुणाला सांगितलं नाही. होळीला ती माझ्या उजव्या हाताशी होती. उन्हाळ्यात मांडीला मांडी लावून माझ्या शेजारी, आणि पुस्तक दोघींच्या पुढं, सरळ. हळू वाचायची, मधूनच मान कलती व्हायची, पण वाचायची. मी नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "चांगलं झालं. तिथं गेल्यावर उपयोग हुईल." नव्या शाळेच्या गणवेशाचं माप तोवर संगमनेरला गेलेलं. ते मीच घेतलं होतं.

जूनमध्ये नणंद स्वतः आली आणि घेऊन गेली. गाडीत बसताना लेकीनं मला विचारलं, "तिथं पण मशीन हाय का?" मी म्हणाले, तिथं केवढं मोठं मशीन आहे, तुझ्या शाळेएवढं. ती विश्वास ठेवून गेली.

जुलै सरता सरता नणंदेचा फोन आला. आवाज असा की ओट्याखालची कोंबडी दचकली. "वहिनी, दादाला बोलवा. पोरगी वाचाया लागली. महिन्यात. मी म्हणत न्हवते, शाळा शाळा असती म्हणून?" नवऱ्यानं स्पीकर लावला. सासूबाई उठून बसल्या. शेजारच्या आल्या. मी काही बोलू गेले, आणि माझ्या तोंडाकडं बघून एक जण आधीच हसायला लागली, म्हणून राहू दिलं. नवऱ्याचा चेहरा असा उजळला होता की त्यावर मी काय पाणी ओतणार. पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. मॅडमना द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला आणि मला माहीत आहे ना," आणि पेढा तसाच हातात धरून बसल्या. त्यांच्या तिसरीच्या रांगेत आता जागा रिकामी होती.

आता नणंद रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून देते. लेक पुस्तक घेऊन बसते. मराठीच्या पुस्तकात गावच्या बाजाराचा धडा आहे, त्यात एक म्हातारी भोपळे विकते आणि एकही विकला जात नाही. लेक घडाघडा वाचते, कुठं मान कलत नाही. तिनं परवा शेवटची ओळ वाचली आणि म्हणाली, "संपलं. ठेवू का मम्मी?"

"परत वाच."

"आत्ताच तर वाचला."

"हिकडं रेंज गेल्ती. म्हातारीपसनं पुढं काहीच ऐकू आलं न्हाई."

तिनं पान मागं केलं आणि म्हातारीपासून सुरू केलं.